नाकाचा शेंडा आणि चौदावं नाव

माझ्या नाकाच्या शेंड्यावर मोत्यासारखा चकाकणारा एक ठिपका होता. डॉक्टर टॅन यांनी भिंग लावून तो पाहिला आणि सांगितलं, "मिसेस रूक, हा उन्हाने होणारा त्वचेचा कॅन्सरच, पण आळशी जातीचा. कापून टाकला की संपलं."

आमच्या उसाच्या गावात हे ऐकून कोणी दचकत नाही. हिरवळीवर बोल्सचे चेंडू घरंगळवायच्या आमच्या क्लबात साठीच्या पुढचा एकही कान अखंड सापडायचा नाही. मला कॅन्सरची भीती वाटली नाही, भीती वाटली ती भुलीची.

त्याला कारण माझी बहीण डेस्ली. दोन वर्षांपूर्वी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, पूर्ण भूल देऊन. जागी झाल्यावर तीन आठवडे ती मला 'ट्रिक्सी' म्हणत होती. ट्रिक्सी ही आमची लहानपणची कुत्री. डेस्ली सावरली, पण शब्दकोडं सोडवायचं तिने कायमचं सोडलं. मी शहात्तर वर्षांची आहे. निवृत्तीनंतरही दर मंगळवारी शाळेत जाऊन, अक्षरांना घाबरणाऱ्या मुलांना वाचायला शिकवते. माझ्याकडे देण्यासारखे शब्दच आहेत. तेच गेले तर?

क्लबात विचारलं, तर गोंधळ आणखी वाढला.

"नुसतं गोठवतात गं, चामखीळ उडवल्यासारखं," एकजण म्हणाला.

"छे! मला दिवसभर झोपवलं होतं," दुसरी म्हणाली.

शेजारचा बेव्हन तेवढ्यात कानामागची शिवण दाखवायला लागला. "मी तर कापताना क्रिकेट ऐकत होतो. दोन विकेट पडल्या. पण नोलीन, नाकाचं वेगळं असतं हं. नाकाच्या वर लगेच मेंदू."

"तुझ्या बाबतीत ते अंतर बरंच असावं," मी म्हटलं. पण घरी येऊन आरशासमोर मी खरंच मोजलं. चार बोटं.

दवाखान्याच्या पाकिटात दोन पत्रकं निघाली. एकात लिहिलं होतं, 'नेहमीसारखं खाऊन या.' दुसऱ्यात, 'आदल्या रात्रीपासून काही खाऊ नका, घोटभर पाणी चालेल.' फोन केला तर तो कोणी उचलेना. मी चाळीस वर्षं मुलांना सांगत आले की सूचना पूर्ण वाचा, आणि शंका आली तर जास्त कडक सूचना पाळा. म्हणून आदल्या संध्याकाळी साडेसहाला जेवले, ते शेवटचं.

आणखी एक तयारी केली. १९९० सालच्या माझ्या वर्गाची हजेरी मला अजून पाठ आहे. त्याच बावीस मुलांना मी लागोपाठ दोन वर्षं शिकवलं. झाडांना पाणी घालताना आजही आडनावं म्हणते: ॲलनबी, बोनानो, क्रोथर, डल्ला कोस्टा... ठरवलं, ऑपरेशन झाल्यावर हजेरी घ्यायची. बावीस आले, तर मी शाबूत.

दुपारी एक वाजता बेव्हनने मला दवाखान्यात सोडलं. मी टेबलावर आडवी झाले आणि विचारलं, "डॉक्टर, झोप कधी लागेल?"

"झोप? झोपायचं असेल तर झोपा, पण माझ्याकडून तसलं औषध मिळणार नाही. फक्त नाक बधिर करायचंय."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नाकात टोचलेलं औषध नाकातच थांबतं, हे त्या औषधाला कोणी सांगितलंय का? नर्स शेरिलने डोळ्यांवर निळं कापड घातलं. सुई टोचली आणि डोळ्यांतून पाणी आलं. मग शेंडा नाहीसाच झाला. पाठोपाठ वरचा ओठही जड पडला.

हे चढतंय, मला वाटलं. ओठ गेला, आता कपाळ.

हजेरीसाठी थांबण्यात अर्थ नव्हता. मी तिथेच सुरू केली. ॲलनबी हजर. बोनानो हजर. डॉक्टर आणि शेरिल खाडीतल्या माशांबद्दल बोलत होते, कुठेतरी कात्री कुरकुरत होती, आणि मला कळेना की हे मी ऐकतेय की स्वप्नात पाहतेय. मॅकगिन, नॉरिस, ओकडन...

पुढे कोरं.

ओकडन तेरावी. पंधरावा क्विल्टी. मध्ये कोणीतरी होतं. त्याची जागा दिसत होती, खिडकीजवळचं बाक, पण बाकावर कोणी नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा ओकडनपाशी अडकले.

"थांबा!" मी ओरडले. "औषध वर पोचलं. चौदावं नाव गेलं!"

कात्री थांबली. शेरिलने कापडाचा कोपरा उचलला. "कसलं नाव, मिसेस रूक?"

मी सगळं सांगितलं, डेस्ली, ट्रिक्सी, चार बोटं. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "हे औषध टोचल्या जागेभोवतीच बधिर करतं. ओठ शेजारी आहे म्हणून जड पडला. नाव कशाने गेलं ते बघू. जेवलात कधी?"

"काल साडेसहाला."

"काल?" शेरिल म्हणाली. "उपाशी राहायचं पत्रक पूर्ण भूल घेणाऱ्यांसाठी असतं, चुकून आलं असेल. अहो, मंगळवारी मुलांना शिकवता ना तुम्ही? त्यातल्या एखाद्याने असं केलं असतं तर?"

"त्याला मी आधी खायला घातलं असतं," मी कबूल केलं.

पाच टाके पडले. उठून बसल्यावर शेरिलने अतिगोड चहा आणि दोन बिस्किटं दिली. बधिर ओठांतून अर्धा चहा झग्यावर सांडला. दुसरं बिस्कीट संपत आलं तेव्हा बाकावर कोणीतरी येऊन बसलं.

"पवेसी!" मी म्हटलं. "डॅरिल पवेसी!"

"भुकेने गेला होता?" मी डॉक्टरांना विचारलं.

"भुकेने, भीतीने, किंवा शहात्तर वर्षांनी. खरं सांगू? मला नाही सांगता येणार. पण माझ्या औषधाने नाही."

हे उत्तर मला पुरेसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण डॅरिल आला तो एकटा आला नाही. खेळाच्या सुट्टीत टोपी नसेल त्या मुलाने सावलीत बसायचं, हा नियम आमच्या शाळेत मीच आणला होता. डॅरिल रोज टोपी विसरायचा आणि रोज आंब्याखाली बसायचा. एकदा तिथून त्याने विचारलं होतं, "मिस, तुमची टोपी कुठाय? तुम्ही का नाही बसत इथे?" मी पार्लरमधून केस नुकतेच बसवून आणले होते, टोपीने ते विस्कटले असते. मी म्हटलं, "मोठ्यांना प्रश्न विचारू नयेत." आणि भर उन्हात पहारा देत उभी राहिले. तशी मी वीस वर्षं उभी राहिले.

बाहेर आले तर बेव्हन दारात. "अरे वा, नाक आहे की अजून! चल, गाडी पलीकडच्या टोकाला आहे. टोपी कुठाय तुझी?"

"घरी."

"मग माझी घे. जरा घामट आहे."

"नको. तू गाडी इकडे आण," मी म्हटलं आणि दवाखान्याच्या अंगणातल्या आंब्याखाली जाऊन बसले.

"अगं, वीस पावलं आहेत!"

"नियम आहे," मी म्हटलं. तो डोकं हलवत गेला, आणि मी पुन्हा ॲलनबीपासून सुरुवात केली.