घरच्या कापडातली गायिका

लागोसमध्ये लग्नघर जे कापड ठरवतं, तेच घालून सगळं गणगोत मांडवात येतं. तिथे गायला बोलावलेल्या एवातोमीनेही फोटोत शोभेल म्हणून त्याच निळ्या कापडाचा झगा शिवला. तिचं गाजलेलं गाणं एकच, पण तोरा दहा गाण्यांचा. चाहत्यांचा गराडा पडू नये म्हणून तिने काळा चष्माही लावला. गराडा सोडाच, कुणी ढुंकूनही बघितलं नाही. उलट नवरीच्या आत्याने तिला दारातच धरलं.

"अगं ए, घरची पोर ना तू? मग पाहुण्यासारखी काय उभी राहतेस? हा जोलोफ भात घे आणि वाढायला लाग!"

अंगावर घरचं कापड, मग नाही कसं म्हणणार? बाई मुकाट्याने भात वाढू लागल्या. तेवढ्यात स्पीकरवर तिचंच गाणं लागलं आणि अख्खा मांडव नाचायला उठला. कालच रेडिओवर तिने मान वेळावत सांगितलं होतं, "माझं गाणं आता माझं कुठे राहिलंय, ते लोकांचं झालंय!"

आता मात्र तिला राहवेना. "आत्या, हे गाणं माझं आहे."

"माझ्या तिन्ही पोरीही हेच म्हणतात," आत्या नाचता नाचता म्हणाली, "पण त्यांचे हात थांबत नाहीत. वाढ!"