मी येईपर्यंत पाणी घालू नका

बनाबाई गेल्याची बातमी शेळगावात आली त्या दिवशी माझ्या मुळ्या उघड्या होत्या. बुंध्याभोवतीची माती वीतभर खोल उकरून बाजूला ओढलेली होती आणि कार्तिकातलं ऊन थेट मुळ्यांवर पडत होतं. बनाबाईचा भाचा म्हस्कू कोऱ्हाळ्याहून सायकल हाणत आला. सायकल त्यानं विहिरीच्या कठड्याला टेकवली, टोपी काढली आणि मोट हाकणाऱ्या तिच्या नवऱ्याला, गेणबाला म्हणाला, "मामा, बैलं थांबवा. आत्या ऱ्हायली न्हाय."

गेणबानं बैल थांबवले. भरलेली मोट तशीच विहिरीत लोंबकळत राहिली.

मित्रांनो, मी एक जुना गावठी गुलाब आहे. इंदापूर तालुक्यात, शेळगावच्या शिवारात, गेणबाच्या विहिरीजवळ माझी जागा आहे. मोटेचं पाणी जिथून पाटाला लागतं तिथून चार पावलांवर. माझी फुलं फार मोठी नसतात. रंग फिका गुलाबी, पाकळ्या पुष्कळ, आणि वास मात्र पार बांधापर्यंत जातो.

माझा जन्म इथला नाही. बारामतीच्या पलीकडे कोऱ्हाळे बुद्रुक आहे. तिथं बनाबाईच्या आईच्या दारात एक गुलाब होता. बनाबाई लग्न होऊन सासरी निघाली तेव्हा आईनं त्याची एक फांदी तोडली, टोकाला शेण लावलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून लेकीच्या मांडीवर ठेवली. ती फांदी म्हणजे मी. बैलगाडीत दीड दिवस मी बनाबाईच्या मांडीवर होतो. वाटेत प्रत्येक ओढ्याला ती गाडी थांबवायला लावी आणि फडकं भिजवी. शेवटी गेणबा म्हणाला होता, "नवरा तहानलेला हाय त्याचं काय न्हाय, काटकीला पाणी!" पुढच्या ओढ्याला नव्या नवरीनं तांब्या भरून आधी त्याच्या हातात दिला.

दोघांच्या संसारात तिसरं कोणी नव्हतं. गेणबाची पेरूची बाग होती, खाली वांगी आणि मिरची असे. मी एकटाच बनाबाईचा.

माझी निगा राखायला ती आईकडून शिकली होती. वर्षातून एकदा मला तहान लागू द्यावी लागते. त्याला ताण देणं म्हणतात. दिवाळी आली की बनाबाई माझं पाणी तोडी आणि मुळ्या उघड्या करी. आठ-दहा दिवसांत माझी पानं पिवळी पडत आणि गळून जात. मग ती धार लावलेल्या विळ्यानं मला गुडघ्याएवढा छाटी. काप नेहमी तिरका, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. कापाला शेण लावी, मुळ्यांवर शेणखत आणि माती ओढी आणि पाणी सोडी. दीड महिन्यात मी फुलांनी भरून जाई. ज्यानं कधी ताण पाहिला नाही त्याला वाटे, ही बाई झाड मारायला निघाली आहे. मला मात्र त्या दहा दिवसांची कधी भीती वाटली नाही. ती येणार हे मला ठाऊक असे.

माझ्या पाकळ्यांचा ती गुलकंद करी. पाकळ्यांचा एक थर, खडीसाखरेचा एक थर, अशी चिनी मातीची बरणी भरून महिनाभर उन्हात ठेवी. वैशाखात कुणाला उन्हाळी लागली, कुणाचे पाय जळजळले, की वाटी घेऊन माणूस आमच्या दारात उभं राही.

"माझ्या पेरूला एवढी गिऱ्हाइकं न्हाईत," गेणबा म्हणे.

"पेरू कुणी बी दगड मारून पाडतं," बनाबाई म्हणे. "माझ्या झाडाला हात लावायचा तर इचारून लावावा लागतो. मान हाय त्याला."

१९५४ सालच्या दिवाळीत पाडव्याला सकाळी तिनं माझ्या मुळ्या उघड्या केल्या. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ती माहेरी निघाली. एस.टी. गाठायची घाई होती, तरी ती माझ्यापाशी आली आणि गेणबाला म्हणाली, "चार-सहा दिवसांत येते. मी येईपर्यंत ह्याला पाणी घालू नका. थेंब बी न्हाय."

"बरं बरं. तुझ्या गुलाबाला बघत बी न्हाय मी," गेणबा म्हणाला.

कोऱ्हाळ्याला तिला ताप भरला आणि पाचव्या दिवशी ती गेली.

गेणबा तिकडे गेला. तिची राख नरसिंहपूरच्या संगमावर सोडून, तेराव्याचं सगळं उरकून तो पुन्हा विहिरीवर आला तेव्हा मी तसाच होतो. पानं सगळी गळून गेली होती. बारीक मुळ्या कुरकुरीत झाल्या होत्या. ताणाचे दिवस कधीच संपले होते. आता मी खरोखर वाळत होतो.

गेणबाची थोरली भावजय सिंधुबाई रोज विहिरीवर पाण्याला येई. ती म्हणाली, "भावजी, गुलाब मरायला लागलाय. पाणी घाला की."

"ती म्हणलीया, मी येईपर्यंत घालू नका."

सिंधुबाईनं घागर खाली ठेवली. "अवो, ती आता कुठनं येती?"

गेणबा बराच वेळ बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग माझ्यापाशी बसला आणि दोन्ही हातांनी मुळ्यांवर माती ओढू लागला. शेणखत घालायचं त्याला सुचलं नाही, छाटायचं तर नाहीच. त्यानं बादल्यांवर बादल्या ओतल्या.

मी वाचलो. पण त्या दिवसापासून गेणबाचं पाणी थांबलं नाही. सकाळी दोन घागरी, संध्याकाळी दोन घागरी, पाऊस असो नसो. पुढची दिवाळी आली. त्यानं ताण दिला नाही आणि मला विळा लागू दिला नाही. मी पुरुषभर उंच वाढलो. हिरवागार होतो, पानांनी गच्च होतो, आणि फूल एकही नव्हतं. गुलकंदाची बरणी फळीवर पालथी पडून राहिली. वाटी घेऊन येणारी माणसं यायची थांबली. कुणी गेणबाला विचारलं तर तो म्हणे, "पाणी कमी पडू दिलेलं न्हाय मी."

सिंधुबाईला राहवत नसे. "पेरूचं पाणी दोन-दोन म्हैनं तोडता, अन् ह्याला दिवसाला चार घागरी! जावई हाय का तुमचा? बेडकं ऱ्हायला आल्याती बुडाशी."

"येऊ द्या. त्यांचं काय खाणं हाय?"

"भावजी, तुमी बागाईतदार माणूस. तुमाला मी सांगायचं व्हय?"

तिला वाटे, गेणबाला कळत नाही. मित्रांनो, त्याला सगळं कळत होतं. मला तहान लागलेली त्याला बघवत नव्हती, इतकंच. आणि मला बोलता येत नव्हतं. नाहीतर मी सांगितलं असतं, की बाबा, मला थोडं तहानेनं राहू दे.

१९५६ सालच्या दसऱ्यानंतर कोऱ्हाळ्याहून प्रयागबाई आली. ही बनाबाईच्या भावाची बायको, म्हस्कूची आई. चहा झाला आणि ती विहिरीकडे आली. म्हणाली, "दाजी, एक मागाय आले. आमच्या ह्यांनी औंदा ऊस पार दारापतोर लावला. सासूबाईंचा गुलाब नांगराखाली गेला. आता त्या वाणाचा हाच एक ऱ्हायला. दोन फांद्या द्या."

गेणबानं मान हलवली. "ह्याला विळा लावायचा न्हाय. शेवटचं तिच्या हातनं छाटलेलं झाड हाय. तसंच ऱ्हाऊ द्या."

प्रयागबाई माझ्याभोवती एक फेरी मारून आली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हे तिनं छाटलेलं व्हय? हे सगळं तुमी वाढवलंय, दाजी, दोन वर्सांत. तिनं छाटलेलं खाली हाय, गुडघ्याएवढं. ह्या जंगलात ते दिसतंय तरी का तुमाला?"

प्रयागबाई संध्याकाळच्या गाडीनं रिकाम्या हातानं परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घागर न घेता आला. गुडघ्यावर बसला आणि माझी पानं बाजूला सारू लागला. काट्यांनी त्याचे हात ओरबाडले. खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, बनाबाईचे जुने काप होते. सगळे तिरके, सगळे डावीकडे उतरते. ती डावखुरी होती. गेणबानं प्रत्येक कापावर अंगठा ठेवून पाहिला.

मग तो उठला, खुरपं घेऊन आला आणि माझ्या मुळ्या उघड्या करू लागला.

दहा दिवस त्यानं पाणी घातलं नाही. रोज यायचा, बघायचा आणि हात मागं बांधून परत जायचा. माझी पानं पिवळी पडली तेव्हा त्याचं तोंड उतरलं. सिंधुबाई म्हणाली, "घाबरू नका. मी हाय की बघायला." अकराव्या दिवशी त्यानं विळ्याला धार लावली. बनाबाईच्या कापाच्या वर चार बोटं ठेवून त्यानं मला छाटलं. काप तिरकेच घेतले, पण त्याचे उजवीकडे उतरते झाले.

मार्गशीर्ष सरता सरता मला फुलं आली. पहिल्या दिवशी सात. गेणबानं ती मोजली नाहीत, सिंधुबाईनं मोजली. पौषात बरणी फळीवरून खाली आली. "साखर दाबून घाला, भावजी, हात आखडू नका," असं सिंधुबाई म्हणत राहिली आणि गेणबा, "वैनी, बरणी माझी हाय," असं म्हणत तिचं ऐकत राहिला. बरणी आता ओट्यावर उन्हात आहे. मी सुखात आहे.

मित्रांनो, तुमच्या दारातही एखादं झाड असेल. त्याला पाणी घाला. आणि आपल्या मनाला बरं वाटावं म्हणून घालतो आहोत, की त्याला हवं म्हणून, हे घालण्याआधी एकदा वाकून बघा.

छाटलेल्या फांद्यांतल्या तीन गेणबानं डालड्याच्या डब्यात लावल्या होत्या. दोन वाळल्या. एक जगली आहे. तिला चार पानं आली आहेत. बनाबाईला अग्नी देऊन आल्यापासून गेणबा कोऱ्हाळ्याच्या वाटेला गेलेला नाही. डबा ओट्यावर बरणीच्या शेजारी आहे. ती फांदी प्रयागबाईला नेऊन द्यायची अजून राहिली आहे.