बशीतला गुडघा

"ऑपरेशनची तारीख रद्द केली मी," धाकटी म्हणाली आणि पाय खुर्चीवर टाकून फुटबॉलचे बूट पुसत बसली.

मी नुकतीच प्रयोगशाळेतून आले होते. पिशवी हातातच राहिली. पुढच्या आठवड्यात तिच्या गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन होतं. फाटलेल्या लिगामेंटच्या जागी तिच्याच मांडीमागच्या स्नायूची दोरी काढून बसवायची होती.

"कुणी सांगितलं रद्द करायला?"

"तुझ्याच सरांनी. मी तुझा डबा द्यायला प्रयोगशाळेत आले होते ना, तेव्हा जिन्यात भेटले. म्हणाले, तुझ्या पेशी झकास वाढताहेत, वर्षभरात नवंकोरं लिगामेंट होईल. मग मी मांडी कशाला चिरून घेऊ?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्या ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यातला फाटका तुकडा काढला होता. तो तिच्याच संमतीने आमच्याकडे आला, आणि त्यातल्या पेशी मीच वाढवल्या. आधी त्यांना उपाशी ठेवायचं, मग एका काचेच्या बशीत ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढायला लावणारं प्रथिन, घालायचं, दुसरीत नाही, आणि फरक बघायचा, हे माझं रोजचं काम. फॅक्टर मिळालेल्या पेशी अधाशासारख्या वाढतात. पण लिगामेंट म्हणजे पेशींची गर्दी नव्हे, त्यांनी विणलेली दोरी. आमच्या बशीत वाढण्याच्या नादात विणायचं काम मागेच पडतं. सरांना हे माझ्याहून जास्त ठाऊक आहे, म्हणून तर माझा संताप झाला.

"गुडघा निसटतो का अजून?"

"जिना उतरताना. तू कशाला तोंड वाकडं करतेस?"

"तो निसटला की दर वेळी आतली गादी झिजते. डॉक्टर काय म्हणाले होते, विसरलीस?"

"ताई, तुझा तुझ्याच कामावर भरवसा नाही. कमालच आहे बाई तुझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगात ॲप्रनही न चढवता मी सरांच्या खोलीत गेले.

"अहो, पोरगी हिरमुसली होती. धीर दिला हो," सर म्हणाले. "मी काही वचन नाही दिलं."

"वर्षभरात म्हणालात. तिनं ऑपरेशन रद्द केलंय."

सर चष्मा पुसायला लागले. "मग तुम्ही समजवा ना. तुम्ही घरच्या आहात."

उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि निस्तरायचं मात्र घरच्यांनी. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

"मी समजावणार नाही," मी म्हणाले. "संध्याकाळी तिला इथे आणते. तुम्ही सांगितलंत, आता तुम्हीच सांगा."

माझा आवाज चढला होता. बाहेरच्या टेबलावरची माणसं गप्प झाली. झाली तर झाली.

संध्याकाळी धाकटी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. सर मागे उभे होते.

"केवढ्या आहेत," ती म्हणाली. "बशी भरून गेलीय."

"पण दोरी नाही त्यात," सर हळू आवाजात म्हणाले. "हे लिगामेंट नाही, बाळ. कधी होईल, मला माहीत नाही. मी तसं बोलायला नको होतं."

तिने बशी जराशी सरकवून पुन्हा डोळा लावला. मग म्हणाली, "आमच्या संघातल्या नव्या मुली असंच खेळतात. सगळ्या बॉलच्या मागे, जागेवर एकही नाही."

सरांना हसावं की नाही ते कळेना. मी तर हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतेच.

"आता यांचं काय करतेस, ताई?"

"या बशीचं मोजून झालंय. ब्लीच ओतून फेकून देते."

"ओत मग."

मी हातमोजे चढवले आणि ओतलं. बशीतलं गुलाबी पाणी बघता बघता रंग सोडून गेलं. सर केव्हाच आपल्या खोलीत निघून गेले होते.

जिना उतरताना तिचा गुडघा सटकला. ती ओरडली नाही, फक्त माझा खांदा गच्च धरला. मग तिथेच पायरीवर बसून तिने हॉस्पिटलला फोन लावला. मी शेजारी बसले. पलीकडची बाई काय बोलत होती ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. तुमची तारीख दुसऱ्या पेशंटला दिली. आता तीन महिन्यांनंतरचीच मिळेल.

मला परत वर जाऊन त्या माणसाला ओढत खाली आणावंसं वाटलं. हा तुमचा धीर, घ्या, असं म्हणावंसं वाटलं.

"चालेल," धाकटी फोनमध्ये म्हणाली. "माझं नाव घाला."

तिने फोन बाजूला ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी गुडघा जागच्या जागी धरून ठेवला.