दुधाच्या तळाशी

तुम्ही सगळे वरचंच पाहता. दूध चढलं की धावत येता, उतू गेलं की एकमेकांवर ओरडता. ते इतका वेळ तळाशी काय करत होतं, हे वाकून पाहायला तुमच्यातल्या एकालाही सवड झाली नाही. मी तळाशीच असते. दूध तापवताना पातेल्यात टाकतात ती चिनी मातीची चकती, मी बोलतेय.

भट्टीतून निघाले तेव्हा तळहाताएवढी होते. एका अंगाला काठ, काठाला एक खाच. वरून गुळगुळीत, खालून खरखरीत. खालच्या बाजूला झिलई द्यायची तसदी कुणी घेतली नव्हती आणि मला त्याची लाज वाटायची. पण त्याच बारीक खळग्यांत, दूध ओतल्यावरही, हवेचा एखादा कण अडकून राहतो. बुडबुड्याला जन्माला यायला एवढाच आसरा लागतो. नुसत्या दुधात, अधांतरी, तो सहसा होत नाही. ओरखडा हवा, अडकलेली हवा हवी. तिथे वाफ शिरते, फुगते आणि सुटते.

पहिले बुडबुडे वर पोचतच नाहीत. वरचं दूध अजून गार असतं. तिथे जाताच त्यांच्या वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ते मिटतात. उकळीच्या आधी पातेलं सूं करतं ना, तो त्यांच्या मिटण्याचा आवाज. मी तो रोज ऐकते. मग सगळं दूध तापतं, बुडबुडे टिकतात, सायीखाली गर्दी करतात. साय त्यांना फुटू देत नाही, म्हणून दूध चढतं. माझ्या काठाखाली मात्र वाफ साठते आणि खाचेतून एकदम निसटते. मी उचलली जाते, आपटते. खड खड खड. माझं सगळं बोलणं एवढंच.

जयसिंगरावांनी मला जयनगरच्या बाजारातून आणलं, राजलक्ष्मीअक्कांसाठी. हे घर पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. मराठी घरात, कानडी दारात, आणि घाईच्या वेळी दोन्ही एकाच वाक्यात. मी खडखडले की हॉलमधून जयसिंगराव म्हणायचे, "ऊठ, तुझी सवत बोलावतेय." अक्का तिथूनच म्हणायच्या, "स्वल्प थांबू दे तिला." आणि लगेच उठायच्या.

पुढे जयसिंगराव गेले. मुलगी भूमिका लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला राहायला गेली. वरची खोली मुग्धाला दिली. ती पुण्याहून इथल्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला आलेली. खाली अक्का आणि मी.

मग हळूहळू अक्कांना ऐकू येईनासं झालं. त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. एकदा मी खडखडत होते आणि त्या माझ्याकडे पाठ करून शांतपणे कोथिंबीर निवडत होत्या. माझ्यामुळे दूध लगेच उतू जात नाही, पण आटत जातं, तळाला लागतं. घरभर करपट वास सुटला तेव्हा त्या धावल्या. आपण जिवाच्या आकांतानं ओरडावं आणि हाताच्या अंतरावरच्या माणसाला त्याचा पत्ताही नसावा! उकळत्या दुधापेक्षा मला तेच जास्त भाजलं.

दुसऱ्यांदा करपलं तेव्हा नेमकी भूमिका आलेली होती. ती वाईट नाही, घाबरते. आईला समोर बसवून म्हणाली, "आई, पुन्हा असं झालं तर मी काही ऐकणार नाही. हेब्बाळला यायचं. तिथे तुला गॅसजवळ जायचं कामच नाही."

शेवटचं वाक्य तिनं प्रेमानं म्हटलं होतं. अक्कांनी ते तिच्या ओठांवरून टिपलं आणि त्यांचा चेहरा उतरला. स्वतःच्या हातचं दूध, स्वतःची कॉफी, एवढंच तर त्यांचं उरलं होतं.

त्यानंतर एका सकाळी त्यांचा हात सहज ओट्यावर टेकला. शेगडी जुनी, पायांचे रबर केव्हाच झिजून गेलेले. माझी खडखड पातेल्यातून शेगडीत आणि शेगडीतून ओट्याच्या कडप्प्यात उतरली, ती थेट त्यांच्या तळव्याला लागली. त्या दचकल्या. गॅस बारीक करून पातेल्यात वाकून पाहिलं, अगदी तळाकडे. त्या दिवसापासून दूध ठेवलं की त्यांचा तळवा कडप्प्यावर असे. दूध परत कधी लागलं नाही. भूमिकेला वाटलं, आई आता लक्ष देते.

आणि खूश होऊन तिनं दिवाळीला नवी शेगडी आणली. चकचकीत, पायांना जाड रबर. ती कौतुकानं सांगत होती की ही जागची हलणार नाही, आवाज म्हणून नाही.

दुसऱ्या सकाळी अक्कांनी दूध ठेवलं, हात ओट्यावर ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत उभ्या राहिल्या. मी आपटले. पुन्हा आपटले. सगळं त्या रबरात जिरत होतं. दूध दाट होऊ लागलं, माझ्या कडेला चिकटू लागलं. मला हेब्बाळ दिसत होतं. मी तर तिथे नसणारच होते.

तेवढ्यात मुग्धा डबा परत द्यायला आली. "अक्का, केव्हाचं वाजतंय हे," असं दारातूनच म्हणाली. अक्का वळल्या नाहीत. तिनं दोनदा हाक मारली. मग तिची नजर दूध ठेवलं की रोज कडप्प्यावर दिसणाऱ्या त्या तळव्यावर गेली, शेगडीच्या पायांच्या नव्या जाड रबरांवर गेली. तिनं पुढे होऊन गॅस बंद केला.

अक्कांनी आधी पातेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "भूमिकेला सांगू नको," एवढंच म्हणाल्या.

मुग्धानं डबा बाजूला ठेवला. पातेलं खाली उतरवलं, शेगडी तिरकी करून चारही रबर ओढून काढले, पातेलं परत चढवून गॅस पेटवला. माझ्या खळग्यांत वाफ शिरली, काठाखाली साठली. मी उचलली गेले आणि आपटले.

मुग्धानं अक्कांचा हात धरून कडप्प्यावर ठेवला, त्यांना ओठ दिसतील अशी समोर आली आणि सावकाश विचारलं, "आता लागतंय का हाताला?"