वहिनीच्या डिस्कची नक्कल

दादा दुकानात शिरला तो कॉम्प्युटर काखोटीला मारून, आणि त्याने तो टेबलावर असा आदळला की स्क्रूंची डबी उलटली. "चालू कर," तो म्हणाला. कसा आहेस, बरा आहेस का, हे विचारणं या माणसाला जन्मात जमलं नव्हतं.

धाकट्याने वायरी जोडल्या. दुरुस्तीचं हे दुकान त्याचं स्वतःचं, पण दादा आला की तो आपल्याच दुकानात पाहुण्यासारखा अवघडून उभा राहायचा. स्क्रीन उजळला, निळा झाला आणि मशीन बंद पडलं. कॅबिनेट उघडताच त्याने आतली डिस्क ओळखली. दोन महिन्यांपूर्वी वहिनीच्या लॅपटॉपमधल्या डिस्कची ही हुबेहूब नक्कल त्यानेच काढून दिली होती. बॅकअप हवा, असं दादा म्हणाला होता, आणि या शहाण्याने 'कशाला' म्हणून विचारलं नव्हतं.

"यातले ड्रायव्हर, म्हणजे मशीनचे भाग चालवणारे प्रोग्राम, लॅपटॉपचे आहेत, दादा. हे मशीनच वेगळं, म्हणून अडतंय. लॅपटॉप कुठंय वहिनीचा?"

"घेऊन पळाली. चार दिवस झाले."

धाकट्याचे हात सवयीने चालतच होते. त्याने एक सेटिंग बदललं, मशीन सेफ मोडमध्ये उठवलं, आणि वहिनीचा स्क्रीन जसाच्या तसा समोर आला. फक्त नेटच्या कार्डापुढे पिवळा त्रिकोण होता, म्हणजे त्याचा ड्रायव्हर नव्हता.

दादा खुशीत पुढे वाकला. "नेट लागलं की तिचं मेल आपोआप उघडतं. कुणाकडे लपलीय ते कळू दे. मागच्या वेळी नुसता हात मोडला होता."

हे तो हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं बोलला. वहिनी जिन्यावरून पडली, असं घरात सगळ्यांना सांगितलं गेलं होतं, आणि ते खरं मानणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं. धाकट्याच्याही. त्याला स्वतःची शिसारी आली.

ड्रायव्हर समोरच्या पेनड्राइव्हवर होता. दोन मिनिटांचं काम.

"या कार्डाचा ड्रायव्हर मिळत नाही," तो म्हणाला. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्याचे कान लालबुंद झाले.

दादाने त्याची मान धरली आणि तोंड टेबलावर आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंडात तुटलेला दात आला. सावरायच्या आत दादाने हातोडी उचलून त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवर घातली. हाडं मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

"उजवा शाबूत ठेवलाय," दादा म्हणाला. "कामाला लाग."

धाकटा लागला कामाला. उजव्या हाताने त्याने चालू मशीनमधून डिस्क उपटली आणि टेबलाच्या लोखंडी कडेवर सगळ्या ताकदीनिशी हाणली. या डिस्कच्या आतल्या चकत्या काचेच्या असतात. तिसऱ्या फटक्याला आत खुळखुळाट झाला.

मग दादाने त्याला लाथांनी तुडवलं. पोटात, बरगड्यांत, पाठीत. "सख्खा भाऊ असून! तिची आई तर इथेच राहते ना? म्हातारीचे दात पाडले की पोपटासारखी बोलेल!" असं म्हणत तो टेबलाखाली गेलेली हातोडी काढायला वाकला.

तेवढ्यात धाकटा सरपटत उंबऱ्याबाहेर पडला, शटरला लोंबकळला, ते खाली आणलं आणि कडी घातली. दुकानाला दुसरं दार नव्हतं.

शेजारची शिंपीणकाकू शिलाई टाकून धावली. "अगं बाई, केवढं हे रक्त! चोर शिरलाय का आत?"

शटर आतून धडधडत होतं. आधी शिव्या आल्या. मग आवाज एकदम मऊ झाला. "उघड रे बाळा. चुकलं माझं. तुला दवाखान्यात नेतो, चल."

धाकट्याचा हात खरंच कडीकडे गेला. त्याने तो मागे घेतला आणि शटरला पाठ टेकून तो तिथेच बसला.

"काकू, पोलिसांना फोन करा."

"करते रे, पण कोण आहे म्हणून सांगू?"

"माझा सख्खा भाऊ. आणि लवकर या म्हणावं, मला त्याची दया यायच्या आत."