दारापुढची सीट

जसोंडीहून बुऱ्हाणपूरला जाणारी सकाळची बस एकच, भूपेंद्रभाऊंची. सरकारी बस मध्यप्रदेशात कधीचीच बंद झालेली. भाऊंची गाडी आली तर शहर, नाही आली तर घर. रोहिणी त्याच गाडीने केळीच्या वेफर्सच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. त्या दिवशी तिची सासू मथुराबाईही सोबत होती, डोळे दाखवायला निघालेली.

अर्ध्या वाटेवर इंजिनातून धूर आला. आधी थोडा, मग एवढा की पुढचं माणूस दिसेना. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि सगळी गाडी पुढच्या दाराकडे लोटली. तिथे कोंडी झाली, तशी माणसं मागे धावली. मागे लाल अक्षरांत ‘आपातकालीन द्वार’ लिहिलेलं होतं, पण त्याच्यापुढे तिघांची सीट नटबोल्टने ठोकलेली. एकाने सीटवर चढून दाराला लाथा घातल्या. दार हललंसुद्धा नाही. कोणीतरी ओरडलं, “बाई माणसांना खिडकीतून काढा!” आणि रोहिणीच्या डोळ्यांदेखत तिच्या सासूला पोत्यासारखं उचलून खिडकीबाहेर सोडलं.

आग काही लागली नाही. ड्रायव्हरने माती टाकून धूर थांबवला. मथुराबाईचा मात्र उजवा हात मोडला.

भूपेंद्रभाऊ सफरचंदं घेऊन घरी आले. माणूस वाईट नव्हता. खाटेजवळ बसून त्यांनी पुन्हा पुन्हा माफी मागितली. रोहिणी म्हणाली, “भाऊ, ती मागची सीट काढा. दुसरं काही नको.”

“काढतो ना, वहिनी. उद्याच काढतो.”

इंजिन दुरुस्त होऊन बस परत सुरू झाली. सीट तिथेच. रोहिणीने कंडक्टर रितेशला विचारलं तर तो हसला. “सीट काढली तर पॅसिंजर कुठे बसवू, वहिनी? तुमच्याच गावचे आहेत सगळे.”

मग तिने सरकारी तक्रारीच्या हेल्पलाइनला फोन लावला. नवरा अनंत केळीच्या कापणीवरून आला तेव्हा तिने त्याला सांगितलं. तो हात धुता धुता थांबला. “कशाले पडली त्यात?” एवढंच बोलला.

नवल असं, की तिचं ऐकलं गेलं. आठवड्याभरात शाहपूरच्या रस्त्यावर आरटीओच्या तपासणीवाल्यांनी बस अडवली. दार उघडेना, आग विझवायचं नळकांडं रिकामं निघालं. माणसं उतरवून गाडी ठाण्याच्या आवारात उभी करून टाकली. रोहिणीला त्या रात्री शांत झोप लागली. आपल्यासारखीच्या फोनने सरकार हलतं, हे तिला खरं वाटत नव्हतं.

सकाळी गाव रस्त्यावर उभं होतं आणि बस नव्हती.

तिच्या जागी केळीचे क्रेट वाहणारा पिकअप आला. माणसं मागच्या हौद्यात दाटीने उभी राहिली, काही फळीवर लटकली. रोहिणीही चढली. पायाखाली केळीचा पाला, वर धरायला काही नाही. वळण आलं की सगळी एकमेकांवर पडायची. याला दारच नव्हतं, तर अडवणार काय? तपासणीवाल्यांच्या जीपसमोरून पिकअप तसाच निघून गेला. रोहिणीने हेल्पलाइनला परत फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “ये अलग शिकायत होगी मॅडम. दर्ज कर लूं?”

रोहिणीने आजूबाजूला पाहिलं. सगळी तिच्याकडेच बघत होती. तिने फोन ठेवून दिला.

नळावर तिच्याशी बोलणं कमी झालं. तिला ऐकू जाईल असं बोलणं वाढलं. भूपेंद्रभाऊंनी निरोप धाडला, शिकायत बंद झाल्याशिवाय गाडी सुटत नाही. खरं की खोटं, कोणाला ठाऊक. रोहिणी खाडा करून आरटीओच्या दफ्तरात गेली. तिथल्या बाबूने तिला खुर्ची दिली, नीट ऐकून घेतलं.

“दार तपासाल ना?” तिने विचारलं.

“फिटनेस में सब चेक होता है. गाडी मालिकाने आणायला पाहिजे.”

“आणि तपासून झाल्यावर सीट परत लावली तर?”

बाबूने तिच्याकडे पाहिलं. “ताई, रोज-रोज कौन देखेगा?” त्याच्या आवाजात चीड नव्हती. तो तिलाच विचारत होता जणू.

घरी आली तर ओट्यावर शेजारची पूर्णिमा बसलेली. बुऱ्हाणपूरला नर्सिंग शिकणारी पोर. पिकअपमध्ये पुरुषांच्या दाटीत जायचं नाही, म्हणून वडिलांनी तिला घरी बसवलं होतं.

“वहिनी, माझं प्रॅक्टिकल हुकलं.” भांडायला आली नव्हती ती. तेवढं सांगितलं आणि मथुराबाईच्या प्लॅस्टरमधल्या बोटांना तेल लावत बसली, रोज लावायची तसं.

ती गेल्यावर मथुराबाई म्हणाली, “बंद कर ते, रोहिणी.”

“आई, तुमचा हात मोडला त्याच्यात.”

“मोडला तो मोडला. माह्या हातासाठी त्या पोरीले घरी बसवतं का?”

 आपलं काय चुकलं हे रोहिणीला सापडत नव्हतं.

हेल्पलाइनचा फोन कारखान्यात असताना आला. “मॅडम, आपकी शिकायत पर कार्रवाई हो गई है. क्या आप संतुष्ट हैं?”

यंत्रांचा आवाज फार होता. ती पाकिटांच्या ढिगाआड गेली.

“दरवाजा खुलता है क्या?”

“वो जानकारी हमारे पास नहीं है मॅडम. आप संतुष्ट हैं या नहीं?”

“हौ,” रोहिणी म्हणाली.

“जी?”

“हां. संतुष्ट.”

थोड्याच दिवसांत बस आली. काचेवर नवा फिटनेसचा कागद, नळकांडं भरलेलं, मागची लाल अक्षरं ताज्या रंगाने चमकत होती. अक्षरांपुढे सीट होती आणि सीटवर तीन माणसं बसलेली. रितेशने रोहिणीला आदराने जागा करून दिली.  गावातल्या दोघीतिघी आज तिच्याशी आपणहून बोलल्या.

पूर्णिमाने तिला जवळ ओढलं. “वहिनी, मॅडम मानल्या! सोमवारी परत घेणार माझं प्रॅक्टिकल.” पांढऱ्या गणवेशात पोरगी नुसती फुलली होती. इंजेक्शन कसं द्यायचं, शीर कशी शोधायची, रोहिणीचाच हात धरून ती दाखवू लागली. गाडी भरत चालली. उभ्या माणसांनी मधली वाट बुजली.

“ऐकताय ना, वहिनी?”

“हो गं,” रोहिणी म्हणाली आणि हात तिच्या हातात तसाच राहू दिला.