शनिवारची काडतुसं

आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला तेव्हा सरोजिनीबाई ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होत्या. हसणं ऋताचं होतं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती, त्या वयाच्या मुलीनं हसावंच. पण तिच्या मागोमाग शरच्चंद्रही हसले. शनिवारी सकाळी, टेबलावर बंदुकीची दारू उघडी असताना, या घरात आजवर कुणी हसलं नव्हतं.

शरच्चंद्र पिस्तुलाचे जुने नेमबाज. नोकरी त्यांनी इंजिनिअरची केली, पण शिवाजी पार्कात फिरायला येणारी मंडळी त्यांना ओळखायची ती नेमबाजीच्या मेडलांमुळे. सरावात उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या ते घरी आणून पुन्हा भरत. परवाना, लोखंडी कपाट, क्लबची पत्रं, सगळं रीतसर होतं. आता मोतीबिंदूनंतर स्वतःचा नेम राहिला नव्हता, तेव्हा ते भरत होते ऋतासाठी. ही त्यांची क्लबातली नवी शिष्या. उद्या तिची राज्याच्या संघासाठी निवडचाचणी होती आणि सरांनी भरलेली काडतुसंच तिला हवी होती.

भरण्याचे नियम ठरलेले. पंखा बंद. फोन बाहेर. टेबलावर दारूचा एकच डबा. पुंगळ्या भोकांच्या लाकडी पाटीत ओळीनं उभ्या करायच्या, प्रत्येकीत मोजून दारू टाकायची, मग टॉर्च मारून प्रत्येकीच्या आत पाहायचं, दारू सगळीकडे एकाच पातळीला आहे ना. ते झाल्याशिवाय वर गोळी दाबून बसवायची नाही. आणि हे चालू असताना त्यांच्याशी कुणीही, कितीही महत्त्वाचं असलं तरी, बोलायचं नाही.

"लक्ष हललं की हात चुकतो," लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी त्यांनी बायकोला समजावलं होतं. "आणि चुकलेलं काडतूस बाहेरून अगदी शहाण्यासारखं दिसतं."

सरोजिनीबाईंना ते पटलं होतं. त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. आठवडाभर जगाची बोलणी जोडून द्यायची आणि शनिवारी घरी तोंड शिवून बसायचं, असा त्यांचा संसार. मुलगा वरद लहान असताना त्याला त्या वेळात खाली खेळायला पिटाळत. स्वतः मात्र खोलीच्या दारात शिवणटिपण घेऊन बसत. नवऱ्याचे हात बघत. ते हात फार सुंदर चालत आणि ते बघायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

माहेरून वडील गेल्याचा फोन आला तोही शनिवारीच. सरोजिनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. शरच्चंद्रांनी मान वर न करता त्यांना थांबायची खूण केली, आणि त्या थांबल्या. डब्याचं झाकण लागेपर्यंत वडील गेल्याचं त्या घरात एकट्या त्यांनाच माहीत होतं. पुढे नवऱ्यानं काही कमी केलं नाही. टॅक्सी बोलावली, गिरगावात सगळं स्वतः उभं राहून पाहिलं. तक्रार करावी असं काही नव्हतं, म्हणून त्यांनी कधी केलीही नाही.

आणि आता ही कालची पोरगी टेबलाला खेटून बसली होती आणि हे हसत होते.

सरोजिनीबाईंनी हात पुसले आणि दारात गेल्या. पोटात दुखत होतं, आणि कशानं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"सर, सीरियसली? तुम्ही नाशिकला चुकून दुसऱ्याच्या टार्गेटवर मारलंत?"

"एकदा नाही. सलग." शरच्चंद्र पुंगळीत दारू टाकत म्हणाले. "शेजारचा सरदारजी खूश. म्हणाला, आप चलाते रहो."

नाशिकचा हा किस्सा सरोजिनीबाईंनी कधी ऐकला नव्हता. नाशिकहून आल्यावर त्यांनी विचारलं होतं, कसं झालं? ठीक, एवढंच उत्तर मिळालं होतं.

ऋता पुन्हा हसली. शरच्चंद्रांनी वळून तिच्याकडे पाहिलं, चष्मा सारखा केला आणि हात परत पाटीवर नेला. तो गेला तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला. तिथली पुंगळी मघाशीच भरून झाली होती. सरोजिनीबाईंनी पाहिलं होतं. आता तीत दुसऱ्यांदा दारू पडली. तिथून पुढच्या भरलेल्या पुंगळ्या मात्र हाताला आठवल्या असाव्यात, त्या सोडून तो रिकाम्या पुंगळीवर गेला.

टॉर्च मारतील तेव्हा दिसेलच, असं मनाशी म्हणत त्या थांबल्या. पण ऋतानं सरदारजीचं पुढे काय झालं म्हणून विचारलं, आणि सांगता सांगता शरच्चंद्रांनी डबा बंद करून थेट गोळ्या बसवायला घेतल्या. टॉर्च कोपऱ्यात तसाच पडून राहिला.

सरोजिनीबाई बोलल्या नाहीत. नियम होता हे खरं, पण आज कारण नियमाचं नव्हतं. होऊ दे, असं त्यांच्या मनात आलं. स्पष्ट शब्दांत आलं. कळू दे तिला सरांचा हात कसा आहे तो. एवढं मनाशी म्हणून त्या स्वयंपाकघरात परत गेल्या आणि कोथिंबिरीच्या चांगल्या काड्याही कचऱ्यात टाकू लागल्या.

थोड्या वेळानं ऋता काडतुसांची पेटी पिशवीत घालून ओट्यापाशी आली.

"काकू, येते हं. उद्यासाठी आशीर्वाद द्या." ती वाकली. "सर किती मस्त बोलतात ना? तुमची तर मजाच असेल. रोज असले किस्से."

"असते ना मजा," सरोजिनीबाई म्हणाल्या.

मुलगी चपला घालायला वळली. तिच्या उजव्या हाताच्या नखांना लाल रंग होता, एका नखाचा उडालेला. उद्या याच हातात पिस्तूल असणार. सरोजिनीबाई ओटा सोडून पुढे झाल्या. मघाचा तो विचार आपलाच होता हे त्यांना खरं वाटेना.

"ऋता, थांब. ती पेटी दे इकडे."

"काय झालं, काकू?"

"दे म्हणते ना."

आवाज ऐकून शरच्चंद्र बाहेर आले. "काय चाललंय सरोज? तिला उशीर होतोय."

"एका पुंगळीत तुम्ही दोनदा टाकलीत. तिसऱ्या ओळीत, अगदी पहिलीच."

"काहीतरीच. टॉर्च मारून बघतो मी. तुला माहीत आहे."

"आज नाही मारलात."

शरच्चंद्रांनी वळून खोलीत पाहिलं, टॉर्च कोपऱ्यातच होता. टॉर्च हातात घेतल्याचं ते आठवून पाहत असावेत. मग त्यांनी हळूच खुर्चीचा आधार घेतला.

"दोनदा म्हणजे?" ऋतानं विचारलं. "म्हणजे जोरात उडेल?"

"म्हणजे पिस्तूल हातातच फुटू शकतं," ते म्हणाले. "तुझ्या हातात."

ऋतानं पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकली. "मीच बडबड करत होते, सर."

"तू नाही. मी बोलत होतो. टेबल माझं आहे."

"सर, पेटीत सगळी मिसळलीत. वजन करून शोधूया ना कुठलं ते."

"पुंगळ्या वेगवेगळ्या बनावटीच्या आहेत, एकीचं वजन दुसरीला नाही. वजनावर मी तुझा हात ठेवणार नाही. सगळी उघडायची. उद्या तू क्लबातली विकतची वापर. नेम थोडा वेगळा लागेल, आज संध्याकाळी जाऊन बघून घे."

ऋता निघाली. दारातून परत आली, तिनं सरोजिनीबाईंचा हात धरला, आणि गेली. सरोजिनीबाईंना वाटलं, हिचा राग धरणं आता आणखी अवघड होणार.

खोलीत शरच्चंद्रांनी प्लॅस्टिकची हातोडी काढली. तिच्या डोक्यात काडतूस अडकवून लाकडी ठोकळ्यावर ठोकलं की गोळी आणि दारू सुटून आतच पडते. एकेक काडतूस ठोकून ते दारू बशीत रिती करत होते. प्रत्येक वेळी बशीत तेवढाच चिमूटभर ढीग पडे. सरोजिनीबाई या वेळी दारात बसल्या नाहीत. त्या आत येऊन ऋताच्या स्टुलावर बसल्या.

बऱ्याच काडतुसांनंतर एकातून दुप्पट ढीग पडला. शरच्चंद्र त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचं वय एकदम चेहऱ्यावर आलं.

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुमचाच नियम." खरं उत्तर सांगायचं धाडस त्यांना झालं नाही.

"नियम," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत एकदा चुकलो नव्हतो गं."

हेच तर सरोजिनीबाईंना सलत होतं. चूक सापडली, मुलगी वाचली, देवाची कृपा. पण काडतुसं भरताना या माणसाचा हात आयुष्यात एकदाच चुकला आणि तो त्या मुलीशी बोलताना. आपल्यासाठी तो कधीच चुकला नाही. वडील गेले त्या दिवशीसुद्धा नाही. असल्या गोष्टीचा हेवा करतात का कुणी? त्या करत होत्या, आणि लपवायची ताकदही आता उरली नव्हती.

"नाशिकचं मला कधी सांगितलं नाहीत," त्या म्हणाल्या.

शरच्चंद्रांनी मान वर केली. बायकोच्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण ते ओशाळले. हातातली रिकामी पुंगळी त्यांनी पाटीत परत ठेवली.

"यापुढे भरणार नाही," ते म्हणाले. "सोमवारी क्लबला सामान देऊन टाकतो. ही तेवढी उघडून संपवू." मग म्हणाले, "तू बोल ना. ठोकायला लागल्यावर तुझं ऐकू येणार नाही मला, म्हणून आधी बोल. मी थांबतो."

त्यांनी हातोडी खरंच खाली ठेवली आणि हात मांडीवर घेऊन ते बायकोकडे बघत बसले.

सरोजिनीबाईंनी पदर सारखा केला. सांगायचं खूप साठलं होतं, निदान आजवर त्यांना तसं वाटत आलं होतं. वडिलांचं होतं, वरदचं होतं, खात्यातल्या रात्रपाळ्यांचं होतं. पण समोर कुणी असं हात रिकामे ठेवून बसलं की सुरुवात कुठून करतात, हे त्यांना येत नव्हतं.

"दुपारी पिठलं करू?" त्यांनी विचारलं.

"कर," शरच्चंद्र म्हणाले, आणि पुढचं ऐकायला तसेच थांबून राहिले.